पानातलं आणि बाटलीतलं

मी सदाफुली बोलतेय. मला ओळखायला पुस्तक उघडावं लागत नाही. शाळेच्या भिंतीकडेला, मसणवट्यात, पाण्याच्या टाकीखाली, जिथं कुणी लावलं नाही आणि कुणी उपटलंही नाही, तिथं माझ्या जातीची झाडं उभी असतात. पाच पाकळ्यांचं गुलाबी फूल, मधे गडद ठिपका. थंडी असो, ऊन असो, आम्ही फुलतो. दुसरं काही आम्हाला येत नाही.

माझा जन्म दौंडचा. रेल्वेच्या क्वार्टरांमागं एक गळका नळ होता. त्याच्या ओलीवर, खडीच्या भेगेत मी रुजले. पूनम तिथंच वाढली. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. ती सकाळी दात घासायला नळावर यायची आणि चूळ नेमकी माझ्यावर टाकायची. लग्न ठरलं तेव्हा तिनं उलथण्यानं मला मुळासकट उकरलं, डालड्याच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि मला त्यात लावलं.

"सासरी काय झाड नेतीस?" आई हसली.

"तिथं ओळखीचं कुणीतरी नको का?" पूनम म्हणाली.

सासर मांडवगण फराट्याच्या अलीकडं, नदीकडच्या वस्तीवर. घरात माणसं दोनच, पूनमचा नवरा संपत आणि सासू भामाबाई. भामाबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. नवरा वारल्यावर तिनं मेंढरं विकली आणि कांदा, शेवंती करू लागली. संपत कोरेगाव भीमाला कंपनीत मशीनवर होता. आठवडाभर तिकडंच खोलीवर राहायचा आणि गुरुवारच्या सुट्टीला घरी यायचा.

भामाबाईला मी पहिल्या दिवशीच आवडले नाही. "ह्याला शेरडू तोंड लावत न्हाई," ती म्हणाली. "जे शेरडू खात न्हाई ते दारात कशाला?"

"म्हणून तर टिकंल, आत्या," पूनम म्हणाली. सासू हसली आणि मी ओट्याच्या कडेला राहिले.

माझ्यावरच्या खांबाला संपतचा आरसा टांगलेला असे. गुरुवारी सकाळी तो निवांत दाढी करी आणि साबणाचं पाणी माझ्यात ओती. पूनम ओरडायची, तो म्हणायचा, "तुझ्या माहेरच्या पाहुणीला आंघोळ घालतोय." असली त्यांची थट्टा. तीन-चार वर्षं अशीच गेली. सुखाच्या दिवसांत सांगण्यासारखं फार नसतं.

पोळा होऊन गेला होता. त्या गुरुवारी दाढी करताना संपतचा हात मानेवर थांबला. त्यानं बोटांनी चाचपलं, मान वळवली, पुन्हा चाचपलं. आधी वाटलं, दाढ दुखतेय त्याची गाठ असेल. मग काखेत दुसरी आली. रात्री अंग घामानं भिजू लागलं. शिरूरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथं गाठीचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, गाठींचा कॅन्सर आहे.

हा शब्द घरी आला तेव्हा भामाबाई दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं ते कपडे ओलेच घड्या घालून पेटीत ठेवले.

पुण्यातली डॉक्टरीण बाई चांगली होती, असं पूनम सांगायची. तिनं समजावलं होतं की हा कॅन्सर औषधाला ऐकणारा आहे, फक्त डोस वेळेवर झाले पाहिजेत. तीन-तीन आठवड्यांनी सलाईन सुरू झाली. पहिल्या डोसानंतर संपत आरशापुढं उभा राहून ओरडला, "पूनम, विरघळली गं! हात लावून बघ." पूनमनं हात लावला. नंतर केस झडू लागले, तरी घरातलं कुणी हिरमुसलं नाही. गाठ गेली होती ना!

मग गेणबा आला.

गेणबा भामाबाईचा धाकटा भाऊ, संपतचा मामा. मनाचा वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. भाचा आजारी आहे म्हणून दर चार दिवसांनी पपई, अंडी असं काही घेऊन यायचा. त्या दिवशी तो ओट्यावर बसलासुद्धा नाही.

"अक्का, कटिंगच्या दुकानात पोरं पेपर वाचत व्हती. कॅन्सरचं औषध कशापासनं बनतंय ठावं हाय का? सदाफुलीपासनं! आन् तुझ्या तर दारात उभी हाय!"

भामाबाई वळून माझ्याकडं बघू लागली. तसं आजवर कुणी माझ्याकडं बघितलं नव्हतं. तिनं डब्यापाशी बसून माझ्या पानांवरची धूळ पदरानं पुसली.

पूनम म्हणाली, "आत्या, आधी दवाखान्यात विचारू."

"इचारलं की न्हाईच म्हणत्यात. त्यांना त्यांच्या बाटलीतलं तेवढं खरं."

"पण तुम्हीच म्हणत होता, शेरडू तोंड लावत नाही."

"शेरडाला कुठं कॅन्सर हुतो?"

पूनम घागर घेऊन पाण्याला निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून भामाबाई सकाळी आंघोळ करून माझी पानं खुडू लागली. खुडण्याआधी मला हात जोडायची. पाट्यावर वाटून, पाण्यात उकळून, ती तो कडू काढा संपतला द्यायची आणि तो पिऊन संपेपर्यंत समोर बसून राहायची. तोंड वाकडं होऊ न देता तो म्हणायचा, "बरं वाटतंय, आये."

पूनमनं त्याला एकट्याला गाठून विचारलं, "खरंच बरं वाटतंय?"

"कसलं बरं! घशापासनं पोटापर्यंत कडू हुतं."

"मग कशाला पिता?"

संपत म्हणाला, "तू माझ्यासंग दवाखान्यात येतीस. डॉक्टर सुई देती. आयेच्या हातात काय हाय? एवढं तरी करू दे तिला."

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते का? नाही सांगता येत. पानात काय आहे हे पानाला कुठं ठाऊक असतं? मला एवढंच कळत होतं, की पहाटे फुटलेला कोंब दुपार व्हायच्या आत जातोय.

तिसऱ्या डोसानंतर संपत खंगू लागला. पोट साफ होईना. बोटं इतकी बधिर झाली, की शर्टाची बटणं पूनमला लावावी लागत. पुढच्या डोसाला गेले तर रक्त तपासून परत पाठवलं, पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. आठवड्यानं या, म्हणाले. आठवड्यानं गेले तर पुन्हा तेच.

डॉक्टरीण बाईनं विचारलं होतं, "घरी काही झाडपाल्याचं घेता का?" संपत म्हणाला, "न्हाई, मॅडम." भामाबाई शेजारीच बसली होती. तिच्यादेखत तो दुसरं काय म्हणणार? पूनम खाली मान घालून बसली. त्या खाली घातलेल्या मानेचं तिला नंतर फार वाईट वाटत राहिलं.

घरी आल्यावर भामाबाई म्हणाली, "त्यांचं औषध थांबलं तर आपलं तरी जोरात चालू ठिऊ." आता ती मूठभर पानं तोडू लागली. माझ्या नुसत्या काड्या उरल्या. सुईचा डोस थांबला म्हणून काढा वाढला आणि काढा वाढला तशी रक्ताची वाट लागत गेली, असं असेल का? मी त्या ओट्यावरून सगळं बघत होते आणि फुलण्याशिवाय मला काही करता येत नव्हतं. पानं नव्हती तरी शेंड्याला एक फूल आलं. मला त्या फुलाची लाज वाटली.

एका गुरुवारी पूनम संपतची दाढी करून देत होती. तिचा हात त्याच्या मानेवर थांबला. गाठ पुन्हा आली होती.

तिनं एक फडकं ओलं केलं, माझ्या डब्याभोवती गुंडाळलं आणि मला कापडी पिशवीत घातलं.

"झाड कुठं नेतीस?" भामाबाईनं विचारलं.

"डॉक्टरला दाखवायला."

"पूनम, नगं. त्या आपल्यावर रागावतील. संपतला बघणार न्हाईत."

"मग रागावू देत, आत्या. तुम्ही पण चला."

संपतला गेणबापाशी घरी ठेवून आम्ही निघालो, एस.टी.नं शिरूर, तिथून पुणे. पिशवीच्या तोंडातून मी दवाखान्याचा तो लांब व्हरांडा बघितला. बाकांवर माणसं खेटून बसलेली. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाच्या नाकात नळी. आणि त्यांच्या पिशव्यांतून येणारे वास मला कळत होते. कुणाकडं गव्हांकुराचा रस होता, कुणाकडं गोमूत्राचा अर्क, कुणाकडं कसलीशी उग्र भुकटी. सगळं पदराआड, पिशवीच्या तळाशी. आत गेल्यावर यातलं कुणीच काही सांगणार नव्हतं.

पूनमनं मला टेबलावर ठेवलं. "मॅडम, आम्ही खोटं बोललो. ह्याचा काढा देतोय ह्यांना, दोन महिन्यांपासून."

डॉक्टरीण बाईनं चष्मा काढला. माझ्या काड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "संपतच्या सलाईनमध्ये आम्ही जी औषधं देतो, त्यातलं एक याच झाडापासून काढलेलं आहे."

भामाबाईचा चेहरा उजळला. "म्हंजी मी खरं तेच देत व्हते! बघ पूनम, मी म्हनलं नव्हतं?"

मी तिच्याकडं बघू शकले नाही. डॉक्टरीण बाईलाही जमलं नाही. ती माझ्याचकडं बघत म्हणाली, "आई, ते एक औषध खूप पाल्यातून अगदी थोडं निघतं. आम्ही ते संपतच्या वजनाप्रमाणं मोजून देतो, जरा जास्त झालं तर घातक. पानात त्याशिवाय आणखी बरंच काही असतं. तुमच्या वाटीत काय किती गेलं, ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही."

भामाबाईचा चेहरा हळूहळू विझला. "त्यानंच रक्त कमी झालं का? त्यानंच गाठ आली का?"

"खात्रीनं नाही सांगता येणार. आमच्या औषधानंही रक्त कमी होतं. आजारही कधी कधी उलटतो. पण मला ठाऊक असतं तर..." तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी रागावले नाही. आता मात्र हे बंद करा. यापुढं काहीही द्यावंसं वाटलं, अगदी घरचं चाटण असलं, तरी आधी मला सांगा. मी नाही म्हणेनच असं नाही."

"मग मी करू काय?"

"त्याला ताजं जेवू घाला. जवळ बसा."

"ते तर शेजारीण बी करंल," भामाबाई म्हणाली. "मी आई हाय त्याची."

डॉक्टरीण बाईनं टेबलावरचा डबा उचलून तिच्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर भामाबाईनं मला मांडीवर घेतलं होतं. शिरूर येईपर्यंत ती डब्याचं ओलं फडकं नीट करत राहिली. त्यानंतर तिनं माझं पान तोडलं नाही. मला पालवी फुटली. संपतचं रक्त सावरलं, डोस पुन्हा सुरू झाले, पण गाठ पहिल्यासारखी विरघळली नाही. औषध बदलून बघितलं. मग ताप आला. शिमग्याच्या आधी त्याला दवाखान्यात भरती केलं आणि तिथून तो घरी आला तो गाडीतून, आडवा.

काढा प्यायला नसता तर तो जगला असता का? हा प्रश्न भामाबाईनं कुणाला मोठ्यानं विचारला नाही. तिच्या बसण्यात तो होता, घास हातात धरून थांबण्यात होता. डॉक्टरीण बाईनं खरं सांगितलं होतं, की खात्रीनं सांगता येत नाही. खरं असलं म्हणून काय झालं? त्या खऱ्याचा तिला काडीचा आधार नव्हता.

दहाव्याला आलेला गेणबा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "अक्का, उपटून टाकू का हे?"

"त्या झाडाची काय चूक?" भामाबाई म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आन् तुझी बी काय?" स्वतःचं नाव तिनं घेतलं नाही.

पूनम आता कोरेगावच्याच एका कंपनीत पॅकिंगला जाते, कंपनीच्या बसनं रोज जाऊन-येऊन. माहेरी गेली नाही. सासू-सुना एकमेकींशी कमी बोलतात, पण एकीच्या आधी दुसरी जेवत नाही.

आणि मी? डालड्याचा डबा गंजून फुटला, तेव्हा भामाबाईनंच मला ओट्यालगत जमिनीत लावलं. माझी रोपं आता सगळ्या वस्तीभर झाली आहेत.

परवा वरच्या वस्तीवरून पुतळाबाई आली. तिच्या मालकाला घशाचा कॅन्सर, पुण्याला सलाईन चालू. "मावशी, जरा पाला नेऊ का?"

भामाबाई ओट्यावरून उठून माझ्यापुढं आली. "दाक्तरला इचारलंस का?"

"त्यांना काय इचारायचं? झाडाचाच तर पाला हाय."

"मग न्हाई देत. माझा संपत..."

पुतळाबाईला राग आला. "पाल्यासाठी न्हाई म्हणतीस? ऱ्हाऊ दे तुझं सोनं तुझ्यापाशी." ती निघाली. वस्तीच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला माझ्याच बियांची झाडं माजलेली. ती तिथं वाकली आणि ओटी भरून तोडू लागली.

भामाबाईला पळवत नाही आता. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "पुतळे! निदान दाक्तरला सांग गं! लपवू नगंस! एवढं तरी सांग!"

पुतळाबाईनं मागं वळून बघितलं नाही.

बाबांनो, माझं फूल देवाला वाहा, केसात माळा, नाहीतर नुसतं बघा. पण माझं पान खुडाल, तर ज्याच्या हातात तुमच्या माणसाची सुई आहे, त्याला आधी सांगा. मला बोलता येत नाही हो. तुम्हाला येतं.