बाथटबातली बेर्था

"बाथटबमध्येच का?" माझ्या नवऱ्यानं, फिर्मिननं विचारलं.

"घरात तेवढीच जागा तुझ्या लाडकीची नाही म्हणून."

गेंट शहरातल्या सशांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवलेली आमची बेर्था म्हणजे सशाची कुत्र्याएवढी थोराड मादी. आपल्या जागेत ती कुणाला येऊ देत नसे; शेजारच्या बोक्याचा कान तिनं फाडला होता. म्हणून नणंदेनं दिलेल्या सशाच्या दोन पिल्लांशी तिची गाठ परक्या जागीच घालून द्यायला हवी होती.

तिघांना टबात सोडलं आणि मला खालचा पेंढा ओळखू आला. तो बेर्थाच्याच पिंजऱ्यातला होता.

"पाय घसरतील बिचारीचे," फिर्मिन म्हणाला. म्हणजे टबही आता तिचाच झाला होता.

बेर्थानं कान मागे टाकले आणि ती गुरगुरत धावून गेली. एक पिल्लू कोपऱ्यात पळालं. दुसरं, माझ्या लाकडी बुटाएवढं, जागचं हललं नाही. बेर्था त्याच्यासमोर थांबली आणि तिनं डोकं खाली घातलं. आता चावणार, असं मला वाटलं. पिल्लानं तिचं कपाळ चाटलं.

बेर्थानं डोळे मिटले. पिल्लू थांबलं, तशी तिनं नाकानं त्याला हळूच ढोसलं. ते पुन्हा चाटू लागलं.

पेंढ्यावरून फिर्मिनला चांगलं झापायचं होतं. ते सोडून मी टबाच्या काठावर त्याच्या शेजारी टेकले.