उघड्या डोक्यानं

नवरा गेल्यापासून मी प्रार्थना केलेली नाही. रडूही येत नाही. मस्कतमधल्या अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये एसी चालू असतो आणि मी सोफ्यावर बसून असते, एवढंच.

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चही शुक्रवारीच भरतं; ती उपासना आटोपून पाळक घरी आले. म्हणाले, "प्रेमाताई, देवाचं भय सोडू नका."

मी फटकन म्हटलं, "कसलं भय? न्यायचं ते त्यानं नेलं. आता घाबरण्यासारखं माझ्याकडे उरलंय काय?"

"भय म्हणजे घाबरणं नव्हे, ताई."

मला ऐकायचंच नव्हतं. चहाही न विचारता मी त्यांना वाटेला लावलं.

दार बंद केलं आणि ठरवलं, आज देवाला तोंडावर सुनावायचं. मनात साचलंय ते सगळं ओकायचं, मग खलास. पुन्हा त्याचं नाव घ्यायचं नाही. तिथेच उभी राहून तोंड उघडलं.

आमच्यात बाई उघड्या डोक्यानं देवाशी बोलत नाही. माझा हात आपसूक खांद्यावर ओढणी शोधत होता. ओढणी नव्हती. खुर्चीच्या पाठीवर नवऱ्याचा टॉवेल अजून तसाच होता. तो उचलला, नीट डोक्यावर घेतला, आणि मग भांडायला सुरुवात केली.