वटवट्याचा आलेख

दातांचा दवाखाना सांभाळून ताई तीस वर्षं एक काम नेमाने करत आली होती. दर वसंतात पहाटे गावामागच्या जंगलात ठरलेल्या वाटेने चालायचं आणि वटवटे मोजायचे. वटवट्या म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. झुडपात दिसतो कमी, ऐकू येतो जास्त.

तिच्या आलेखाची रेघ आधी सपाट होती, मग उतरत गेली आणि अलीकडे पार तळाला टेकली. त्यातच जंगलातून रस्ता काढायचं ठरलं, तेव्हा आलेख घेऊन ती धाकट्या भावाकडे गेली. तो वनखात्यात मोठा अधिकारी होता.

"पक्षी संपत आलाय, आणि उरलंसुरलं रानही तोडणार?"

भावाने आलेख नीट पाहिला. म्हणाला, "ताई, हल्ली टीव्ही किती मोठ्याने लावतेस! एकदा कान दाखवून घेऊ. मीच नेतो तुला."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बारीक आवाज तुम्हाला ऐकू येत नाहीत. दात कोरायचं मशीन जन्मभर कानाशी होतं ना." भावाने कानातलं यंत्र घेऊन दिलं, हात धरून जिना उतरवला. ताईला भरून आलं.

रस्त्याच्या सुनावणीत त्याच भावाने डॉक्टरांचा रिपोर्ट पडद्यावर दाखवला. "मोजणाऱ्यालाच ऐकू येत नसेल, तर पक्षी कमी झाले असं कसं म्हणायचं?"

मागे कुणीतरी हसलं. ताई उठली. "घरटी मी डोळ्यांनी मोजते. तीही तितकीच घटलीत. डोळ्यांचाही रिपोर्ट आणू का?"

अध्यक्षांनी मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.

बाहेर भाऊ मागे धावत आला. "मनावर घेऊ नकोस गं. वरून दबाव होता. चल, घरी सोडतो."

"नको. पाय अजून शाबूत आहेत माझे."

रस्ता झाला. खात्याने जुने आकडे बाद केले आणि मोजणी नव्याने सुरू केली. ताईच्या वाटेवर आता आवाज टिपणारी यंत्रं लावली. पहिल्या वसंतात त्यांत एकच वटवट्या सापडला. ताईनेही तो ऐकला. कुंपणाजवळच्या झुडपात बसून तो मादीला साद घालत होता. सकाळभर घालत राहिला. कुणी आलं नाही.

पुढच्या वर्षी यंत्रांनी दोन टिपले, दोन्ही नर.

त्या वर्षीचा अहवाल निघाला तसा भावाचा फोन आला. आवाजात खरोखरच आनंद होता. "ताई, बघ, मी म्हणत नव्हतो? वटवटे दुप्पट झाले! आलेख वर चाललाय. आता तरी राग सोड."

ताई म्हणाली, "अभिनंदन, साहेब. आणखी काही काम होतं का आपलं?"