चिमट्याच्या हातून कुणी दगावत नाही

आमचा चिमट्या गाठ कापत नसे, गाठच त्याला घाबरून बाहेर पडे. एका बाईच्या पोटातली गाठ तर त्याच्या बुटांचा आवाज ऐकून आपल्या पायांनी जिन्यापर्यंत आली आणि डॉक्टर कुठे बसतात म्हणून विचारू लागली. हे मी गावभर सांगायचो. लोक हसायचे, आणि जाता जाता त्याचा पत्ता विचारून घ्यायचे.

चिमट्या म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, कॅन्सरचा सर्जन. शाळेत पोरांच्या पायातले काटे काढायचा, म्हणून ते नाव. त्याच्या टेबलावर आजवर कुणी दगावलं नव्हतं. ही मात्र माझ्या पदरची भर नव्हे. परिषदांत तसं पडद्यावर झळकायचं.

मग माझ्याच पोटात गाठ निघाली. स्वादुपिंडावर, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून बसलेली. मी बिनघोर त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "घे, घरचं गिऱ्हाईक."

त्याने फिल्म उजेडासमोर धरली. बराच वेळ धरली. मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "थापाड्या, झोपलेलं जनावर कशाला उठवायचं? औषधांवर भागेल. आणि तुला कापायला माझा हात धजेल का रे?"

एवढा जीव लावणारा मित्र! मी घरी येऊन बायकोपुढे नाचायचाच बाकी राहिलो.

तिचा भाऊ चिमट्याच्याच इस्पितळात भूल देतो. तो जेवायला आला होता. माझं ऐकून त्याचा घास हातातच राहिला.

"दाजी, औषधांनी ती थोपेल, जाणार नाही. काढायलाच हवी."

"अरे, तो स्वतः म्हणाला..."

"अवघड दिसलं की तो असंच म्हणतो. त्याचा शून्य मृत्यूंचा शोधनिबंध छापायचाय. त्यात ज्यांना कापलं तेवढेच मोजतात. गोड बोलून परत पाठवलेले घरी मरतात. ते कुणाच्या खात्यात?"

"आणि हे तू आज सांगतोस?" बायको कडाडली.

तो ताटाकडे बघत म्हणाला, "आजवर त्यात घरचं कुणी नव्हतं, ताई."

त्याच इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर एक सर्जनबाई होत्या. लोक त्यांना यमाची वहिनी म्हणत. चिमट्याने नाकारलेले त्यांच्याकडे जात, त्यामुळे तिथे माणसं मरतही.

"बाई, मी वाचेन का?"

"टेबलावरून उठाल याची खात्री नाही. रक्तवाहिनीचा तुकडा कापून पुन्हा जोडावा लागेल. नाही कापलं, तर काय होईल याची मात्र खात्री आहे."

इतकं सरळ बोलणं ऐकायची मला सवय नव्हती. पण झोपलो टेबलावर, आणि उठलो. रडतखडत, नळ्यांसकट, पण उठलो.

पुढे चिमट्याचा सत्कार झाला. त्याच्या गोष्टी माझ्याच तोंडून ऐकायच्या, म्हणून मलाच बोलायला उभं केलं. मी मीठमसाला न लावता सांगितलं, की आपला आकडा मळू नये म्हणून या माणसाने मला मरायला घरी पाठवलं.

सभागृह हसून लोटपोट. "चालत्या गाठीपेक्षा भारी!" कुणीतरी ओरडलं. मी सदरा वर करून व्रण दाखवला, तर टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्याने चिमट्या हसत होता. माझ्याकडे न बघणारा तेवढाच एक.

खाली उतरलो, तर पोटावर हात धरून बसलेल्या एका गृहस्थाने माझी बाही ओढली. "पत्ता मिळेल का हो?"

दिला. दुसऱ्या मजल्याचा.