सरांचं बीपर

गुरुदत्त करंदीकर जर्मनीत ब्योब्लिंगेनला गाड्यांच्या ब्रेकची डिझाइनं करायचा आणि शनिवार उजाडला की आल्गॉयच्या डोंगरात पळायचा. बायको, शमिका, वैतागायची. "लोक सुट्टीला झोपा काढतात, आणि तू बर्फातून परक्यांचे मोडलेले पाय ओढत बस!" पण याचं वेड काही सुटेना. स्की-बचाव पथकात तो फुकट राबायचा. आता त्याला वरचं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळालं, की हिमस्खलनात पथक घेऊन जायचा मान तुमचा.

परीक्षक होते आलोइस सर. गुरुदत्तला स्कीवर उभं राहायला शिकवलं ते यांनीच. डोंगरात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पिकल्या म्हाताऱ्यालासुद्धा. याची जीभच वळेना. "मी काय तुझा साहेब आहे? आलोइस म्हण!" म्हातारा खेकसायचा. "गेनाऊ, अगदी बरोबर, सर," हा म्हणायचा.

परीक्षेच्या सकाळी गुरुदत्त नेता. निघण्याआधी नेत्याने सगळ्यांची बीपरं तपासायची. छातीवरच्या या यंत्राचा सिग्नल बर्फाखालूनही पकडता येतो. एकेकाने नेत्यासमोरून जायचं, नेत्याने आपल्या यंत्रावर आवाज ऐकायचा. आवाज नाही, तर पुढे जाणं नाही. उमेदवार गेले, दुसरी परीक्षक केर्स्टिन गेली. शेवटी आले आलोइस सर.

आणि गुरुदत्तने यंत्र खाली घेतलं. सरांना तपासायचं? ज्यांनी हे यंत्र हातात धरायला शिकवलं, त्यांना? छे! त्याने किंचित वाकून सरांना वाट दिली. सर क्षणभर थांबले, त्याच्याकडे पाहिलं, आणि रांगेच्या शेवटी चालू लागले. अरे बाबा, अडव की त्यांना! पण नाही. आडवे आले मेले संस्कार.

वाट सपाटीवरून, एका छोट्या उताराखालून जात होती. धोका कमी असल्याचं सकाळच्या हिमस्खलन-अंदाजात सांगितलं होतं. वरून धप्प आवाज झाला आणि बर्फाचा थर घसरून खाली आला. गुरुदत्तने वळून पाहिलं तर सगळे उभे होते, फक्त सर नव्हते.

तो ओरडला, "सगळ्यांनी बीपर शोधावर टाका!" हुकूम अगदी पुस्तकातल्यासारखे देत होता. पण यंत्रं मुकी. त्याने स्वतःचं आपटलं, दुसऱ्याचं हिसकावून घेतलं. काहीच नाही. मग लांब सळ्या बर्फात खुपसत सगळे ओळीने सरकू लागले. किती वेळ गेला देव जाणे. अखेर एक सळी मऊ काहीतरी लागून अडली. उकरून बाहेर काढलं तेव्हा सरांचा चेहरा निळा पडला होता. गुरुदत्त त्यांची छाती दाबतच राहिला. हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या डॉक्टरने खांदा धरून बाजूला केलं, तेव्हा कुठे थांबला.

केर्स्टिनने सरांच्या छातीवरचं बीपर सोडवून घेतलं.

"बंद होतं," ती म्हणाली.

"सर विसरले?"

"आलोइस विसरेल? प्रत्येक परीक्षेत तो मुद्दाम बंद ठेवतो. नेता अडवतो, हा हसतो, चालू करतो. तू अडवलं नाहीस. मला वाटलं, पुढच्या वळणावर थांबवून तुला नापास करेल. परीक्षेत मध्ये बोलायचं नसतं, म्हणून मीही गप्प बसले. सपाटीवर काय होणार होतं, गुरु?" तिला हुंदका आवरेना.

"ते माझे सर होते गं."

"म्हणूनच तर! सकाळी मला म्हणाला, 'याला सगळं येतं, फक्त मला अडवता येत नाही. आज अडवलंन, की डोळे मिटून सही करतो.'"

 गुरुदत्तला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

केर्स्टिनने डोळे पुसले. "खाली त्याच्या बायकोला, रोझमारीला सांगायला हवं. घरच्यांना नेत्याने सांगायचं असतं. मी गेले तरी चालेल."

"नको. मीच जातो," तो म्हणाला.

गावात पोचेपर्यंत त्याने जर्मन शब्द जुळवून पाहिले. एकही धड जुळेना. घरासमोर आलोइस सरांची बायको पायऱ्यांवरचा बर्फ झाडत होती. याला पाहून तिने झाडू भिंतीला टेकवला आणि दोन्ही हात पसरून हसत पुढे आली.

"काय रे, झालास ना पास?"