आईच्या कानातलं दुसरं पान

माझ्या नवऱ्याने डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट घालून घरात चांदी वितळवायला घेतली, नेमकी त्याच दिवशी माझी ताई येणार होती.

"घरात नाही, गॅलरीत," असं तो दर वेळी मला दुरुस्त करायचा. जणू काही गॅलरी शेजाऱ्यांची आहे.

हा उद्योग माझ्यासाठीच चालला होता, त्यामुळे धड ओरडताही येत नव्हतं. आईची चांदीची कानातली आहेत. छोटंसं पान, मधली शीर उठावदार, टोक किंचित मुरडलेलं. आई गेल्यावर बाकी सगळ्याची वाटणी सुरळीत झाली, पण ही जोडी आम्हा दोघी बहिणींना हवी होती. मग ठरलं, एक वर्ष ताईकडे, एक वर्ष माझ्याकडे, आणि आईच्या वाढदिवसाला जोडी हात बदलणार. आज आईचा वाढदिवस. जोडी द्यायची पाळी माझी. आणि माझ्याकडे पान होतं एकच.

दुसरं आमच्या चिमणीने ओढलं. चिमणी म्हणजे आमची लेक. नुकती रांगायला लागली आहे, आणि जे दिसेल ते हातात आणि हातातलं तोंडात, हा तिचा दिनक्रम. कानाला हिसका बसला एवढंच मला कळलं. मी पलंग उचलला, गाद्या उसवल्या, कचऱ्याची पिशवी वर्तमानपत्रावर उलटी केली. मग कितीतरी लंगोट तपासले. शेवटी तिला डॉक्टरांकडे नेऊन पोटाचा फोटो काढला. तो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, "हिच्या पोटात काही नाही. तुमच्या डोक्यात मात्र बरंच आहे."

नवरा तिथेच हसला. मी घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? दुसरं ओतू की घरी. नवशिक्यांसाठी व्हिडिओ आहेत."

त्याच्या या 'एवढं काय त्यात'मधून आमच्याकडे आजवर एक मत्स्यालय आलंय, ज्यात आता कांदेबटाटे असतात, आणि एक गिटार, जिच्यावर मी ओढण्या टांगते. पण ताईला तोंड दाखवायचं होतं. मी हो म्हटलं, आणि त्या क्षणापासून घरात कुठे पाय ठेवू नि कुठे नको असं झालं. वितळवायची मूस आली. ज्योतीची बंदूक आली. चांदी वितळताना तिच्यावर भुरभुरायचा टाकणखार आला, ज्याची पुडी मी पिठीसाखरेच्या डब्याशेजारून दोनदा उचलून माळ्यावर टाकली. चांदीचे दाणे आले. आणि साच्यासाठी समुद्रफेन आला, म्हणजे पाळलेल्या पोपटांना चोच घासायला देतात ते समुद्रातल्या प्राण्याचं पांढरं, खडूसारखं भुसभुशीत हाड. नवऱ्याने ते मधोमध कापलं, दोन्ही तुकडे एकमेकांवर घासून सपाट केले आणि आईचं उरलेलं पान त्यांच्यामध्ये हलकेच दाबलं. पान बाहेर काढल्यावर आत त्याचा हुबेहूब ठसा उमटलेला होता. वरून ओतायला नरसाळ्यासारखी वाट कोरून त्याने दोन्ही तुकडे तारेने करकचून बांधले. हे सगळं सुंदरच होतं. फक्त घासताना जी पांढरी भुकटी उडाली ती जेवणाच्या टेबलावर, खुर्च्यांवर आणि चिमणीच्या पापण्यांवर बसली.

"खिडकी उघड. तिच्या छातीत जाईल."

"खडूच आहे गं तो एक प्रकारचा."

"तू खातोस का खडू?"

त्यात त्या हाडाला वास. मासळीचा आणि ओल्या दोरखंडाचा मिळून एक वास. आमच्या घरात बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय टेबलावर राहत नाही, मग ते सफरचंद असो की बिस्किटाचा पुडा. म्हणून आज सकाळी नवरा त्याच्या तासाभराच्या अंघोळीला गेला, तेव्हा मी तो बांधलेला साचा साबणाच्या पाण्यात भिजत घातला, खळखळून धुतला, पंच्याने पुसला, खिडकीत उन्हात ठेवला आणि नवरा बाहेर यायच्या आत परत जागेवर नेऊन ठेवला. वरून कोरडा ठणठणीत. वास गेला होता. मला बरं वाटलं.

ताई ठरल्यापेक्षा लवकर आली. तिच्या लवकर येण्याला आमच्याकडे तोड नाही. दार उघडताच तिने चिमणीला माझ्या कडेवरून ओढून घेतलं, गॅलरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "जावईबापू, घरात हेल्मेट? बायकोला एवढे घाबरता?"

"छंद आहे, ताई," नवरा काचेमागून म्हणाला. "कोटाचं बटण ओततोय."

मी त्याच्याकडे डोळे वटारले. दुसरं काही सुचलं नाही का याला? पण ताई "वा" म्हणून उंबऱ्याशी खुर्ची ओढून बसली, चिमणी मांडीवर. ही आता जोडी मागणार. मी मनातल्या मनात घड्याळाला विनवत होते, की पान आधी होऊ दे, थंड होऊ दे, ही तोवर चहा पिऊ दे.

"ताई, आत बस ना."

"इथून छान दिसतंय."

"ठिणगी उडेल."

"उडू दे की," ताई म्हणाली, आणि नवऱ्याने हेल्मेट हलवून तिला दाद दिली. तो म्हणाला, "सकाळपासून हेच चाललंय. ठिणगी उडेल, वारा येईल, कबुतर येईल."

"कबुतर येतं तिथे!" मी म्हटलं. मी चिमणीला ताईकडून घेतलं आणि चार पावलं मागे सरले. ताईने मान हलवली, पण खुर्ची आत घेतली.

मुशीत दाणे आधी लाल झाले, मग एकमेकांना चिकटले, आणि अचानक त्यांचा एक चकचकीत, थरथरता थेंब झाला. नवऱ्याने कठड्याला टेकवलेल्या फोनवर व्हिडिओ लावला होता. तो नेहमी त्यातली सुरुवातीची बडबड गाळतो. आज हातात चिमटा आणि ज्योत असल्यामुळे त्याला पुढे सरकवता येईना, आणि व्हिडिओतला दाढीवाला शांतपणे सांगत होता, "साचा आतपर्यंत कोरडा हवा. आत थोडीशी ओल राहिली तरी तिची वाफ होते आणि वितळलेला धातू उसळून तुमच्याच तोंडावर येतो."



"थांब!"

"हं," नवरा म्हणाला आणि मूस उचलली.

"अरे थांब! ओतू नकोस!"

"आता काय, कबुतर?"

दिवसभर मी इतक्या वेळा थांब म्हटलं होतं, की त्या शब्दाला या घरात काही किंमतच उरली नव्हती. मूस साच्यावर कलायला लागली होती. तेव्हा मी आयुष्यात सहसा जे करत नाही ते केलं. आवाज न चढवता माझी चूक सांगितली.

"ते हाड मी धुतलंय."

मूस जागच्या जागी थांबली. "धुतलंय म्हणजे?"

"साबणाच्या पाण्यात. भिजत घालून."

"कशाला?"

"वास येत होता."

मग त्याने अगदी सावकाश मूस विटेवर टेकवली, ज्योत बंद केली आणि हेल्मेटची काच वर केली. एवढा घामेजलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. चांदी थंड होऊन तिचा ओबडधोबड गोळा झाला. मग त्याने सगळ्यांना आत पिटाळलं, लांब उभं राहून साच्याच्या कोपऱ्यावर ज्योत धरली. आतून सुर्रर्र आवाज आला. ओतायच्या भोकातून बारीक बारीक फुगे यायला लागले. साबणाचा फेस!

ताई हसत सुटली. चिमणीही टाळ्या पिटायला लागली. मला रडू येत होतं.

"हसू नका," नवरा म्हणाला. "हे माझ्या गळ्यावर आलं असतं, ताई." माझ्याकडे मात्र तो बघेना. तार कापून त्याने साचा उघडला, आतली ओल बोटाने दाबून पाहिली, आणि तो उघडा तुकडा तसाच ताईसमोर राहिला.

तिचं हसू थांबलं. तिने वाकून पाहिलं. मधली शीर, मुरडलेलं टोक.

"हे बटण आहे?"

तिने ठशावरून बोट फिरवलं.

"अगं, हे आईचं पान आहे."

मग मी सगळं सांगितलं. पलंग, कचरा, लंगोट, पोटाचा फोटो. ताई ऐकत गेली आणि तिचा चेहरा लाल होत गेला. मला वाटलं आता कानातल्यावरून बोलणार.

"रोज फोन करतेस," ती म्हणाली. "बाळाने ढेकर किती दिले ते सांगतेस. शी कुठल्या रंगाची ते सांगतेस, मी जेवत असताना! आणि पोटाचा फोटो काढला हे सांगत नाहीस? मी काय कानातल्याची मावशी आहे?"

"तू चिडली असतीस."

"चिडलेच असते! आत्ता काय आरती ओवाळतेय?" तिने डोळे पुसले, रागानेच. "आणि या माणसाला आगीपुढे उभं केलंस. का, तर मला कळू नये म्हणून."

चिमणी माझा कान ओढत होती. मी ओढू दिला.

ताई नवऱ्याकडे वळली. "दुसरं हाड आहे का?"

"आहे. पुड्यात. हिला सापडलं नव्हतं म्हणून वाचलं."

"मग करा. आणि हिला नळापासून लांब ठेवा."

या वेळी व्हिडिओ पहिल्यापासून पाहिला गेला. चिमणीला घेऊन मी आतल्या खोलीत दार लावून बसले आणि बाहेरून येणारा प्रत्येक आवाज मोजत राहिले. आधी घासण्याचा. मग ज्योतीचा. मग केस जळल्यासारखा वास, आणि त्यानंतर इतकी शांतता, की मी दार उघडायला उठलेच. तेवढ्यात नवरा ओरडला, "आलं!"

आलं होतं खरं. जाडसर, एका कडेला दात पडल्यासारखं, आणि पाठीवर हाडाच्या लाटालाटांच्या रेघा उमटलेलं. कानस मारून त्याने कडा गुळगुळीत केली, मागे आकडा बसवला. जुन्या पानाशेजारी ते त्याचा थोराड भाऊ शोभत होतं.

ताईने दोन्ही पानं तळहातावर घेतली, वजन केल्यासारखी खालीवर केली. जुनं एका कानात घातलं, नवं दुसऱ्या. आरशात मान इकडे वळवून पाहिलं, तिकडे वळवून पाहिलं.

"अजून धुतलं नाहीये ते," मी म्हटलं. राहवलंच नाही.

"हात लावून तर बघ," ताई म्हणाली. पर्स उचलून ती चपला घालायला लागली. "वर्षभर आता हरवायची पाळी माझी. आणि फोन कर. शी सोडून बाकीचं पण सांग."