पिराजीच्या अंगणातला जाम

आज सकाळपासून गावात दाट धुकं होतं. आळंदला जाणारी बस नुसती ऐकू आली, दिसली नाही. अशा गारठ्यात मी फांदीवर डुलत असायला हवा होतो. पण बोलतोय तो पितळीतून, चिरलेला, आणि तोही अर्धाच उरलेला. मी पेरू. आमच्याकडं मला जाम म्हणतात.

रूपाचं विचारू नका. एका अंगानं पिवळा, एका अंगानं हिरवा, गालावर चोचीची खूण. पोपटानंही एकदा चाखून सोडून दिलं, यावरून काय ते समजा. पिराजीच्या न्हाणीच्या पाण्यावर वाढलो, पण ऐट अशी, की जणू घर माझ्यावरच चाललंय.

मागं पिराजीच्या बायकोला, सरुबाईला, ताप आला. ताप गेला, पण अंगात ताकद येईना. दोन पावलं टाकली की भिंत धरायची. डॉक्टर म्हणाले, "भाकरी, वरण, भाजी असू द्या, पण संगं रोज एक फळ पाहिजे." मी फांदीवर ताठ झालो. पिराजी माझ्याच खालून गेला आणि बाजारातनं सफरचंदं घेऊन आला.

ती पिशवी गल्लीनं पाहिली. आमच्याकडं घरात फळं आली म्हणजे कुणीतरी अंथरुणाला खिळलं. जो तो केळी घेऊन हजर. "सरु लई सिरीयस हाय व्हय?" सरुबाई फळं आलेल्यालाच चिरून द्यायची.

"तू खात कामून न्हाईस?" पिराजी विचारायचा.

"पाव्हण्याफुडचं मी कसं खाऊ?"

पिशव्या भरायच्या, रिकाम्या व्हायच्या. ती आपली भिंत धरूनच.

आज पिराजीला राहवलं नाही. त्यानं काठीनं मला पाडलं. पडलो तेही शेणात. त्यानं धुतलं, चिरलं, मीठ-तिखट लावलं आणि पितळी तिच्या मांडीवर ठेवली.

"आन् पाव्हणे आले तर?"

"ह्यो काय पाव्हण्याला द्यायजोगा हाय का? थोबाड बघ की त्याचं! खा गुमान."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि फोड तोंडात टाकली. माझा अपमान झाला, पण तिनं दुसरी फोड उचलली तेव्हा राग कुठल्या कुठं गेला. आता जाताना तिच्या दातांत चार बिया अडकवून जाईन. तेवढीच माझी आठवण.

बाबांनो, दुखण्याची वाट न बघता आम्हाला रोज भाकरीशेजारी जागा द्या. तोंडाकडं बघू नका. मीही बघत नाही.

तेवढ्यात शेजारची चांगुणाबाई केळ्यांची फणी घेऊन दारात आली. तिनं पितळीत डोकावलं, केळी हळूच पदराखाली घेतली आणि पिराजीला म्हणाली, "सांगायचं न्हाई व्हय, अण्णा! फळं बंद करून जाम खायलीय, म्हंजी बरी झाली की सरु!"